दूरच्या गिऱ्हाइकाची कसोटी : व्ही.पी.पासून ऑनलाइन विक्रीपर्यंत

एखादा व्यवसाय ऑनलाइन विक्रीला योग्य आहे की नाही, हा प्रश्न इंटरनेटच्या काळात उद्भवलेला प्रश्न म्हणून सहसा मांडला जातो. परंतु विक्रेता आणि ग्राहक एकमेकांना पाहत नाहीत, ग्राहकाला माल हाताळता येत नाही आणि पैसे व वस्तू वेगवेगळ्या वेळी हात बदलतात, ही या विक्रीची मूळ परिस्थिती हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच निर्माण झाली होती. टपाल आणि रेल्वे यांनी तेव्हा जी बाजारपेठ उघडली, तिच्यात काही धंदे भरभराटले, काही मध्येच थांबले, तर काहींना तिचा उपयोगच झाला नाही. कोणते धंदे कोणत्या गटात पडले आणि का, हे तपासले तर आजच्या व्यापाऱ्यापुढील निवडीचे निकष त्या इतिहासात बऱ्याच अंशी तयार सापडतात.

समोरासमोरच्या व्यवहाराची घडी

टपालविक्रीपूर्वीचा महाराष्ट्रातील किरकोळ व्यापार मुख्यतः तीन वाटांनी चाले : गावचा वाणी, आठवडे बाजार आणि दारोदार फिरणारा विक्रेता. तिन्ही ठिकाणी माल पाहून, चाचपून आणि भावाची घासाघीस करून घेतला जाई, आणि तिन्ही ठिकाणी विक्रेत्याची ओळख हीच मालाची हमी असे. वाण्याकडील उधारीची वही ही केवळ हिशेबाची नोंद नव्हती. कोणत्या घरात सुगीला पैसा येतो, कोण बोलल्याप्रमाणे फेडतो आणि कोणाला किती रकमेपर्यंत माल द्यावा, याची माहिती तिच्यात साठलेली असे. कासाराचा धंदा तर समोरासमोर बसल्याखेरीज चालणेच शक्य नव्हते, कारण बांगडीचे माप हाताच्या हाडावर आणि मुठीच्या लवचिकतेवर ठरते, ती भरताना फुटण्याचा संभव असतो, आणि भरून देण्याचे कौशल्य हाच विकल्या जाणाऱ्या वस्तूचा अर्धा भाग असतो.

दूरदेशीचा व्यापार त्याही काळी होता, परंतु तो घाऊक होता आणि पेढ्यांच्या जाळ्यातून चाले. मोठ्या बाजारपेठांत अडते, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने ठरावीक मोबदल्यावर माल विकणारे मध्यस्थ, नेमलेले असत, आणि रकमेची फेड हुंडीने, म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीवर काढलेल्या देयपत्राने होई. ही व्यवस्था नातेसंबंध, जात आणि पिढ्यान्पिढ्यांची पत यांवर उभी होती, त्यामुळे एका गावच्या अनोळखी माणसाने दुसऱ्या गावच्या अनोळखी दुकानदाराकडून एकच घड्याळ किंवा एकच पुस्तक मागवावे, अशी सोय तिच्यात नव्हती.

टपाल, रेल्वे आणि व्ही.पी.

ही सोय होण्यास तीन गोष्टी क्रमाने कारण झाल्या. पहिली गोष्ट १८५४ चा टपालविषयक कायदा. त्याने पत्राचा दर अंतरावर अवलंबून न ठेवता केवळ वजनावर ठरवला आणि ठरावीक वजनाच्या पत्राला हिंदुस्थानभर अर्धा आणा हा एकच दर लागू केला. पार्सलांचा दर सुरुवातीला वजन आणि अंतर या दोहोंवर ठरत असला, तरी चौकशीचे पत्र आणि मागणीचे पत्र देशात कोठूनही स्वस्तात जाऊ लागले, हा बदल व्यापाराच्या दृष्टीने मोठा होता. दुसरी गोष्ट रेल्वे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी १८६३ पर्यंत पुण्याला सलग पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता जोडली गेली, तेव्हा कावडीवरून पार्सले नेणाऱ्या ‘बंघी’ डाकेची जागा आगगाडीने घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

तिसरी गोष्ट ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’, म्हणजेच मराठी घराघरांत ‘व्ही.पी.’ या आद्याक्षरांनीच ओळखली गेलेली मूल्यदेय टपालाची पद्धत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत विक्रेता पार्सलावर वसूल करावयाची रक्कम लिहून ते टपाल कार्यालयात देई, पोस्टमन ती रक्कम घेऊनच ग्राहकाच्या हाती पार्सल ठेवी आणि वसूल झालेले पैसे टपाल खाते विक्रेत्याकडे पाठवी. १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आल्यावर पैशांचा हा परतीचा प्रवासही त्याच खात्याच्या हाती आला. अमेरिकेच्या टपाल खात्याने माल पोहोचवताना पैसे वसूल करण्याची अशी सेवा १९१३ मध्ये सुरू केली, हे लक्षात घेतले तर हिंदुस्थानातील ही व्यवस्था किती लवकर आली होती, याची कल्पना येते.

व्ही.पी.ने नेमके काय बदलले, हे काटेकोरपणे पाहणे आवश्यक आहे. ‘आधी पैसे पाठवावेत की आधी माल’ हा अनोळखी माणसांमधील पेच तिने सोडवला. परंतु तो सोडवताना जोखीम नाहीशी न करता ती विक्रेत्याकडे सरकवली. ग्राहकाने पार्सल नाकारले, तो गावी नसला किंवा दरम्यान त्याचा विचार बदलला, तर पार्सल परत येई आणि जाण्याचा टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. ‘व्ही.पी. परत आली’ ही प्रकाशकांच्या आणि मासिकांच्या कचेऱ्यांतील नेहमीची तक्रार होती. दुसरीकडे पैसे भरण्यापूर्वी पार्सल उघडून पाहता येत नसे, म्हणून ग्राहकही पूर्णपणे सुरक्षित नव्हता. कोणीही न मागवलेली पार्सले लोकांच्या गळ्यात मारण्याचा धोका ओळखून १८९८ च्या टपाल कायद्यात अशी तरतूद करण्यात आली की, वस्तू खऱ्या मागणीनुसारच पाठवली जात आहे, असे विक्रेत्याकडून जाहीर करून घेणारे नियम सरकारला करता यावेत. दूरविक्रीत फसवणुकीचा प्रश्न किती लवकर कायद्यापर्यंत पोहोचला होता, याचा हा पुरावा आहे.

कोणता माल टपालाने गेला

या व्यवस्थेत सर्वांत सहज सामावला तो ग्रंथव्यवहार. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी नाव मिळवले. या ग्रंथांचा वाचक एखाद्या शहरात गर्दीने राहणारा नव्हता, तर काशीपासून दक्षिणेतील पाठशाळांपर्यंत विखुरलेला होता. एखाद्या व्याकरणग्रंथाचे दोन-चार ग्राहक असलेल्या गावात त्यासाठी दुकान चालणे शक्य नव्हते, पण अशा शेकडो गावांतील दोन-चार ग्राहक मिळून एका आवृत्तीला पुरेसे होत. त्यातच पुस्तकाची एक प्रत दुसरीसारखीच असते, त्यामुळे लेखक, नाव आणि आवृत्ती कळली की ग्राहकाला ती हातात घेऊन तपासण्याची गरज राहत नाही; शिवाय पुस्तक फुटत नाही, नासत नाही, आणि छापील मजकुराला ‘बुक पोस्ट’चा सवलतीचा दर मिळत असे. नियतकालिकांचे गणितही असेच होते. वर्गणीदाराच्या नावाची नोंद, नियमित अंतराने पाठवायचा अंक आणि वर्ष संपल्यावर व्ही.पी.ने वसूल होणारी वर्गणी, या चक्रावर मराठी मासिकांचा बराच काळ निभाव लागला.

बियाणे हा दुसरा माल. पुण्यातील पेस्तनजी पोचा यांची पेढी १८८४ पासून बियाण्यांच्या व्यापारात आहे. फुलांचे किंवा भाजीचे बी वजनाला हलके, किमतीला तुलनेने जड आणि जागेला थोडे लागते. त्याचा हौशी ग्राहक छावण्यांमधील बंगल्यांपासून संस्थानिकांच्या बागांपर्यंत पसरलेला असतो, आणि सूचिपत्रातील वर्णन वाचून तो निवड करू शकतो. मात्र बी उगवते की नाही, हे पाकीट पाहून दुकानातही कळत नाही. म्हणजे येथे माल प्रत्यक्ष पाहण्याचा फायदा मुळातच थोडा होता, आणि पेढीचे नाव हीच खरी हमी होती.

घड्याळे आणि औषधे या दोन मालांच्या जाहिराती त्या काळच्या नियतकालिकांत वारंवार दिसतात. घड्याळ छोटे आणि मौल्यवान असल्यामुळे वाहतूक खर्च त्याच्या किमतीच्या मानाने नगण्य ठरे, आणि १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीसारख्या नावांनी त्या वस्तूला ओळख मिळवून दिली. औषधांच्या बाबतीत पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्याची (१८७२) किंवा मुंबईत १८९३ मध्ये जन्मलेल्या अमृतांजन मलमाची बाटली ठरावीक आकाराची, नाव छापलेली आणि पुन्हा पुन्हा लागणारी होती. तथापि औषधांच्या टपालविक्रीची काळी बाजूही मोठी होती. लाजेखातर दुकानात जाऊन न मागता येणाऱ्या विकारांवरील ‘रामबाण’ उपायांना टपालातील गुप्तता सोयीची ठरली आणि जाहिरातीतील दाव्यांना धरबंध राहिला नाही. अखेर १९५४ मध्ये औषधे व जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. एखादी वस्तू दूरून सहज विकली जाते, यावरून ती तशी विकली जावी असे ठरत नाही, हा या प्रकरणाचा अर्थ आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांसाठी याच काळात लंडनहून सूचिपत्रावर विक्री चाले. १८७१ मध्ये स्थापन झालेली आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही सैन्याधिकाऱ्यांची सहकारी संस्था, तिचे जाड सूचिपत्र हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये पोहोचे, आणि तरीही १८९१ मध्ये तिने मुंबईत स्वतःचे दुकान उघडले, ज्याची इमारत काळा घोडा भागात आजही उभी आहे. सूचिपत्रावर नाव कमावलेल्या संस्थेलाही ग्राहकाच्या जवळ दुकान थाटावेसे वाटले, ही गोष्ट दूरविक्रीला दुकानाची पर्यायी व्यवस्था मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ग्राहकवर्गाचीही एक मर्यादा होती. १९०१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, त्यामुळे सूचिपत्र वाचून मागणी लिहिणारा ग्राहक म्हणजे शिक्षक, वकील, कारकून, वैद्य, जमीनदार अशा मोजक्या वर्गातला माणूस होता. अमेरिकेत १८७२ मध्ये शिकागोहून टपालविक्री सुरू करणाऱ्या माँटगोमरी वॉर्ड यांनी शेतकऱ्याला मुख्य ग्राहक मानले आणि १८७५ पासून माल न पटल्यास पैसे परत देण्याचे वचन छापले. तेथील शेतकरी वाचणारा आणि रोख पैसा हाती असलेला होता. हिंदुस्थानातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर वेगळा मार्ग शोधणे भाग होते.

जे केवळ सूचिपत्रावर विकले गेले नाही

तो मार्ग कसा शोधला गेला, याचे उत्तम उदाहरण किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात प्रथम सायकलींचा व्यापार केला; त्या धंद्यातही सायकल विकण्याबरोबर ती चालवायला शिकवणे हा कामाचा भाग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता आणि पहिले नांगर खपण्यास बराच काळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली, त्यामुळे माल रेल्वेने पाठवण्याची सोय झाली. परंतु वाहतुकीच्या सोयीने शेतकऱ्याच्या मनातील शंका सुटण्यासारखी नव्हती. नांगर जमिनीत चालताना दिसला, शेजारच्या शेतकऱ्याने वापरला आणि झिजलेला फाळ बदलून मिळतो याची खात्री पटली, तेव्हाच तो रुजला. १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी होते, आणि पुढे त्याचे एका महत्त्वाच्या मराठी मासिकात रूपांतर झाले. जो माल नवा आहे, महाग आहे आणि वापरायला शिकवावा लागतो, त्याला छापील मजकूर साहाय्य करू शकतो, पण प्रात्यक्षिक आणि दुरुस्ती यांची जागा घेऊ शकत नाही, हे या धंद्याच्या वाटचालीतून दिसते.

काचसामानाची अडचण वेगळी होती. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर पोहोचला, परंतु काच एकेका ग्राहकाला पार्सलाने पाठवण्यापेक्षा पेंढ्यात बांधून गठ्ठ्याने दुकानदाराकडे पाठवणे किफायतशीर असते, कारण फुटीचा तोटा मोठ्या संख्येत वाटला जातो. साडी आणि पादत्राणे यांची अडचण तिसऱ्या प्रकारची. पैठणीचा रंग, पोत आणि पदराचे वजन शब्दांत सांगता येत नाही. कोल्हापुरी चपलेचे माप पायाच्या उंचवट्यावर ठरते आणि हाताने घडवलेले दोन जोड तंतोतंत सारखे नसतात. सोन्याच्या दागिन्यांत शुद्धतेची शंका सर्वांत मोठी, म्हणून घरोब्याचा सराफ सोडून दूरच्या पेढीकडून दागिना मागवणे सामान्य कुटुंबाला धाडसाचे वाटे.

प्रमाणीकरणाने सरकलेली सीमा

दूरविक्रीस योग्य आणि अयोग्य यांमधील सीमारेषा कायमची नसते. ती प्रमाणीकरणाने, म्हणजे सर्वांनी मान्य केलेल्या मापांनी आणि खुणांनी, सरकत जाते. १९३७ च्या कृषी उत्पादन प्रतवारी व चिन्हांकन कायद्याने तूप, मसाले यांसारख्या मालाला ‘ॲगमार्क’ची खूण मिळाली, आणि नाकाने वा जिभेने ठरणारी प्रत काही अंशी कागदावर सांगता येऊ लागली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने औद्योगिक मालासाठी हेच काम केले. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी पुडक्यावर वजन, उत्पादक आणि किंमत छापणे आवश्यक केले, त्यामुळे मोजमापाचा प्रश्न दुकानदाराच्या तराजूवरून कारखान्याच्या वेष्टनावर गेला. सोन्याच्या शुद्धतेसाठी २००० मध्ये सुरू झालेली हॉलमार्क पद्धत २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत गेली, आणि दागिना न पाहता घेण्यातील सर्वांत मोठी शंका तेवढ्यापुरती कमी झाली. घडणावळीची आवडनिवड मात्र डोळ्यांनीच ठरते, म्हणून नाणी आणि साधी कर्णभूषणे ऑनलाइन घेणारे कुटुंबही लग्नाच्या दागिन्यांसाठी दुकानाची पायरी चढते.

पत्त्याचेही असेच प्रमाणीकरण झाले. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाची विभागणी कठीण होत असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड अमलात आला, आणि त्याची योजना संस्कृत कवी म्हणूनही ख्यात असलेले टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली होती. आज कोणत्याही ऑनलाइन दुकानात ग्राहकाला माल मिळेल की नाही, हे प्रथम याच सहा अंकांवरून ठरते, म्हणून दूरविक्रीच्या इतिहासात वेलणकरांच्या कामाचे स्थान मोठ्या कंपन्यांच्या संस्थापकांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

इंटरनेटवरील दुकान आणि जुन्या अडचणी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने आपले दुकान उघडले होते. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी अनेक वस्तूंचा विचार करून पुस्तकांची निवड केली, कारण छापील पुस्तकांची संख्या कोणत्याही दुकानात मावणार नाही इतकी मोठी असते आणि प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक असतो. ही कारणे निर्णयसागरच्या ग्रंथांना लागू पडलेल्या कारणांहून फारशी वेगळी नाहीत. २००७ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या फ्लिपकार्टनेही पुस्तकांपासून सुरुवात केली, आणि तिच्या पहिल्या मागणीचे पुस्तक महबूबनगरसारख्या, मोठ्या ग्रंथविक्रेत्यांपासून दूर असलेल्या गावी गेले.

पैशांचा पेचही जुन्याच रूपात परत आला. कार्डाने आगाऊ पैसे भरण्यास ग्राहक तयार नव्हता, म्हणून फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर रोख पैसे घेण्याची सोय दिली आणि तिच्यामुळे ऑनलाइन खरेदी मोठ्या वर्गापर्यंत पोहोचली. ही सोय म्हणजे व्ही.पी.चीच खासगी आवृत्ती होती, आणि तिच्यासोबत व्ही.पी.चा दोषही आला. नाकारलेले पार्सल विक्रेत्याकडे परत येण्याला आजच्या व्यापारात ‘आरटीओ’, म्हणजे मूळ ठिकाणी परत, असे म्हणतात, आणि लहान विक्रेत्याच्या हिशेबात ते सर्वांत दुखरे कलम असते.

हा तोटा किती मोठा असतो, हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. विक्रेत्याला १८० रुपयांना पडलेली वस्तू तो ३०० रुपयांना विकतो आणि पाठवणीचा खर्च ६० रुपये येतो, असे धरले, तर १०० पार्सले स्वीकारली गेल्यास त्याच्याकडे ६,००० रुपये उरतात. त्यांपैकी २० पार्सले परत आली आणि परतीचाही प्रत्येकी ६० रुपये खर्च त्याच्यावर पडला, तर वस्तू पुन्हा विकण्याजोग्या राहिल्या असे मानूनही शिल्लक २,४०० रुपयांवर येते. परतीची संख्या ३४ झाली की नफा संपून तोटा सुरू होतो. या हिशेबात ऑनलाइन बाजारमंचाचे कमिशन, जाहिरात, वेष्टन आणि कर धरलेले नाहीत. विक्रीचा आकडा वाढत असताना धंदा बुडू शकतो तो याच कारणाने.

नाशवंत आणि जड मालाच्या बाबतीत अंतरापेक्षा ग्राहकांची दाटी निर्णायक ठरते. अमेरिकेत किराणा घरपोच देण्यासाठी १९९६ मध्ये स्थापन झालेली वेबव्हॅन ही कंपनी प्रचंड गोदामे उभारून २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण किराण्यातील थोडा नफा तिच्या वाहतुकीचा आणि भांडवलाचा खर्च भागवू शकला नाही. गल्लीतील वाणी तोच माल चार इमारतींच्या परिघात पोऱ्याकरवी पोहोचवतो आणि महिनाअखेरीस पैसे घेतो, तेव्हा त्याला ना वेष्टनाचा खर्च येतो ना अनोळखीपणाचा. अशा दुकानदाराला दूरच्या ग्राहकासाठी संकेतस्थळ उभारण्यापेक्षा जवळच्या ग्राहकाची मागणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घेण्याची व्यवस्था अधिक उपयोगी पडते.

हापूस आंब्याचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. आंबा नाशवंत आहे, पण त्याचा मोसम ठरलेला असून मोसमात त्याला भावही चांगला मिळतो. झाडावरून तो ‘चौदा आणे’ तयार असताना, म्हणजे पूर्ण पिकण्याआधी उतरवला, तर अढीत पिकेपर्यंत प्रवासाला काही दिवस मिळतात. ‘साका’ हा आतल्या गराचा दोष फळ कापल्याशिवाय दुकानातही कळत नाही, तेव्हा येथे पुन्हा बागायतदाराच्या नावावरील विश्वासच उपयोगी पडतो. २०१८ मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्यांचा व्यवहार विस्कळीत झाल्यावर अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांना थेट पेट्या पोहोचवल्या. त्यांना यश आले, कारण एका संस्थेत अनेक पेट्या उतरत, म्हणून प्रत्येक पेटीमागे वाहतूक कमी पडे. एकेका ग्राहकाला कुरिअरने पाठवलेल्या आंब्याचा हिशेब तितका सोपा नसतो.

निकष

या सर्व वाटचालीतून पाच निकष काढता येतात. पहिला, वस्तूच्या किमतीच्या मानाने तिच्या पाठवणीचा आणि परतीचा खर्च किती. दुसरा, वस्तूची प्रत शब्दांत, चित्रात किंवा मान्य खुणेने पुरेशी सांगता येते का. तिसरा, ती प्रवासात टिकते का आणि ग्राहकाकडे शिकवल्यावाचून वापरता येते का. चौथा, तिचा ग्राहक विखुरलेला आहे की जवळपास दाटीने राहणारा. आणि पाचवा, फसवणुकीची, नापसंतीची आणि परत आलेल्या पार्सलाची जोखीम कोण उचलणार. पुस्तक आणि बी पहिल्या चारही निकषांवर उतरले, नांगर आणि काच तिसऱ्यावर अडले, पैठणी दुसऱ्यावर, किराणा पहिल्यावर, तर बांगडी जवळजवळ सर्वांवर.

यांपैकी पाचव्या निकषाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि कायद्याने मात्र त्याच्याकडेच सर्वाधिक लक्ष दिले आहे. १८९८ च्या कायद्यातील खऱ्या मागणीची अट आणि २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतील सदोष माल परत घेण्याची जबाबदारी, या एकाच चिंतेच्या दोन अवस्था आहेत. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने पैसे पाठवणे क्षणाचे काम केले, तरी माल पटला नाही तर काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून व्यवसाय ऑनलाइन न्यावा की नाही, याचा निर्णय संकेतस्थळ उभारण्याच्या खर्चावरून किंवा शेजारच्या दुकानदाराच्या अनुकरणाने घेणे चुकीचे ठरते. आपल्या मालातील कोणत्या वस्तू या निकषांवर टिकतात, हे प्रत्येक वस्तूसाठी वेगळे तपासावे, त्या वस्तूंपुरतीच दूरविक्री सुरू करावी आणि परतीचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरावा. टपालाने असो वा इंटरनेटने, दूरचे गिऱ्हाईक ज्या व्यापाऱ्यांना लाभले, त्यांच्या यशाचे श्रेय माध्यमाइतकेच मालाच्या योग्य निवडीला द्यावे लागते.